जुन्या घराची दुरुस्ती : हद्दीला खेटून असलेली भिंत आणि आगीचे नियम

ओसरी
नमस्कार मंडळी. जुनं दोन मजली घर दुरुस्त करायला काढलंय. जाड विटांच्या भिंती, लाकडी तुळया, वर कौलं. तीन बाजू मोकळ्या आहेत. प्रश्न आहे तो उत्तरेच्या भिंतीचा. ती हद्दीपासून जेमतेम साठ सेंटीमीटरवर आहे. हद्दीपलीकडे शेजाऱ्यांची मोकळी जागा आणि त्यांचं घर आणखी चार-पाच मीटर आत.

या भिंतीत सध्या फक्त एक झरोका आहे. तिथे मोठी खिडकी करावी, भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर देऊन त्यावर लाकडी फळ्या ठोकाव्यात, पावसाचं पाणी भिंतीवर येतं म्हणून वळचण थोडी वाढवावी आणि जमलं तर माळ्यावर राहण्याजोगी खोली काढावी, असा बेत आहे. कंत्राटदार म्हणतो, घर जुनं आहे, नवे आगीचे नियम लागत नाहीत. आर्किटेक्ट म्हणते, उत्तरेच्या भिंतीत खिडकी विसरा, फळ्याही विसरा. दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि नियम बाजूला ठेवले तरी यात खरोखर धोका किती?

हरकत_नाही
मधे पाच मीटर मोकळी जागा असताना कसली आग पोचतेय पलीकडे? हे नियम मोठमोठ्या इमारतींसाठी असतात. विटांची भिंत आहे ना, मग निवांत खिडकी काढा. उजेड येईल, वारा येईल.

खडीसाखर
वाचतेय. आमचाही अगदी हाच प्रश्न आहे, फक्त आमची भिंत थेट हद्दीवरच आहे.

तिरकी_तुळई
हरकत_नाही, अंतर शेजारच्या घरापर्यंत मोजत नाहीत, हद्दीपर्यंत मोजतात. शेजाऱ्यांनी उद्या त्यांच्या बाजूने हद्दीपर्यंत बांधकाम आणलं तर तुमचे पाच मीटर गेले. शेजाऱ्याच्या जमिनीवर तुमचा ताबा नाही, म्हणून तिथल्या मोकळ्या जागेच्या भरवशावर तुमची भिंत उघडी ठेवता येत नाही. ओसरीताई, तुमचं अंतर साठ सेंटीमीटर, आणि सगळा हिशेब तेवढ्यावरच करायचा.

आता धोका नेमका कसला ते सांगतो. ज्वाळा लांब जिभा काढून पलीकडे जाते हे चित्र डोक्यातून काढा. बहुतेक वेळा पलीकडचं घर पेटतं ते उष्णतेच्या प्रारणाने आणि उडणाऱ्या निखाऱ्यांनी. खोली पूर्ण पेटली की तिची खिडकी म्हणजे तापलेला चौकोन असतो, त्यातून उष्णता सरळ समोर फेकली जाते. समोरच्या लाकडावर साधारण १२.५ किलोवॅट प्रति चौरस मीटर एवढी उष्णता पडत राहिली आणि एखादी ठिणगी आली, की ते पेट घेतं. भर दुपारच्या उन्हात हा आकडा १ च्या आसपास असतो. हद्दीजवळच्या भिंतीत किती उघडी जागा चालेल याचे ब्रिटनमधले तक्ते याच १२.५ च्या आकड्यावर बेतलेले आहेत. भिंत जितकी हद्दीजवळ, तितकी खिडकी लहान. अगदी जवळ आलात की जवळपास शून्य.

वेगवेगळ्या देशांचे आकडे वेगळे आहेत, पण सगळे एकाच दिशेने बोलतात. इंग्लंडमध्ये हद्दीपासून एक मीटरच्या आतली भिंत दोन्ही बाजूंनी आगीला टिकणारी लागते आणि तिच्यात अगदी बारीकसारीक उघडी जागाच चालते. ऑस्ट्रेलियात घराच्या भिंतीसाठी ही मर्यादा ९०० मिमी आहे, त्याच्या आत भिंत ६० मिनिटं टिकली पाहिजे आणि खिडकी हवीच असेल तर ती न उघडणारी, अग्निरोधक. अमेरिकेतली घरांची नमुना संहिता ३ फुटांच्या आत खिडकीच नको म्हणते, ३ ते ५ फुटांत भिंतीच्या २५ टक्क्यांपर्यंत परवानगी देते. तुमचे साठ सेंटीमीटर या तिन्ही ठिकाणी सगळ्यात कडक कप्प्यात पडतात. तुमच्याकडचा स्थानिक नियम वेगळा असेल, तो आर्किटेक्टकडून लेखी घ्या, पण तो याहून फार सैल निघेल या आशेवर खिडकीची ऑर्डर देऊ नका.

कंत्राटदार अर्धा बरोबर आहे. घर आहे तसं ठेवलं तर सहसा कोणी येऊन जुनी भिंत पाडायला लावत नाही. पण तुम्ही हात लावला की ज्याला हात लावला ते नव्या हिशेबात येतं. इंग्लंडच्या नियमांत याचं तत्त्व सोपं आहे : महत्त्वाचा फेरफार केल्यावर घर आगीच्या दृष्टीने आधीपेक्षा वाईट झालेलं चालत नाही. झरोक्याची मोठी खिडकी म्हणजे सरळ सरळ आधीपेक्षा वाईट. माळ्याची खोली तर वेगळंच प्रकरण आहे, त्यावर नंतर लिहितो.

हरकत_नाही
बरं, हद्दीचा मुद्दा पटला. पण मग अग्निरोधक काच बसवा की. आजकाल मिळते.

तिरकी_तुळई
मिळते, पण नुसती काच आणून जुन्या चौकटीत बसवली तर उपयोग शून्य. चाचणी पूर्ण खिडकीची होते : काच, चौकट, मधली पट्टी, स्क्रू, भिंतीत बसवायची पद्धत, सगळं मिळून. साधी काच आगीत लवकर तडकते, कारण मधला भाग तापून फुगतो आणि चौकटीत दडलेली कड थंड राहते. शिवाय उघडणारी खिडकी आगीच्या वेळी उघडी असेल तर ती कितीही मिनिटांची असली तरी भोकच. म्हणून अशा ठिकाणी न उघडणारीच लागते. म्हणजे वारा गेला, राहिला फक्त उजेड. उजेडच हवा असेल तर तो छपरातून, पण हद्दीपासून लांबच्या उतारावरून, किंवा पूर्व-पश्चिमेच्या भिंतींतून घ्या. खर्च आणि कटकट दोन्ही कमी.

मध्यरात्र
हद्दीच्या बाजूने खिडकी काढायची असेल तर आगीशिवाय शेजाऱ्याच्या खासगीपणाचा, उजेडाच्या हक्काचा प्रश्नही येतो. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. चालू द्या.

ओसरी
तिरकी_तुळई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. खिडकी रद्द. आता फळ्यांचं सांगा. भिंत विटांचीच राहणार आहे, मग तिच्यावर बाहेरून लाकूड असलं तर काय बिघडतं? आणि बाजारात 'अग्निरोधक' लिहिलेल्या फळ्याही आहेत.

अभ्रक
हा माझ्या कामाचा विषय आहे म्हणून मी लिहिते. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय आणि विक्रेतेही मुद्दाम करतात. एक, वस्तू स्वतः किती पटकन पेटते आणि आगीत भर घालते. दोन, ती वस्तू लावलेली भिंत आग किती वेळ अडवते. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पोलादी पत्रा पहिलीत उत्तम पास होतो, जळतच नाही. दुसरीत साफ नापास, कारण एका बाजूला आग लागली की दुसरी बाजू काही मिनिटांत लालबुंद होते आणि तिला टेकलेलं लाकूड पेटतं. फळ्यांवरचा 'अग्निरोधक' शिक्का बहुधा पहिल्या परीक्षेचा असतो. त्यावरून भिंत तासभर टिकेल असं काहीही कळत नाही.

दुसऱ्या परीक्षेत तीन गोष्टी बघतात. भार पेलते का, फटी पडून ज्वाळा किंवा तापलेले वायू आरपार जातात का, आणि पलीकडची बाजू किती तापते. तिसऱ्यासाठी पलीकडच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये, आणि कुठल्याही एका ठिकाणी १८० पेक्षा. चाचणीच्या भट्टीचं तापमान ठरलेल्या वक्राने चढवतात : पाच मिनिटांत ५७६ अंश, अर्ध्या तासात ८४२, तासाला ९४५. ६०/६०/६० असं लिहिलेलं दिसलं तर तिन्ही कसोट्यांवर साठ मिनिटं, एवढाच अर्थ. कुठल्या तरी जागी रेघ असेल तर ती कसोटी लागू नाही.

तुमची जाड विटांची भिंत दुसऱ्या परीक्षेत बहुधा आरामात पास होईल. पण तिच्यावर लाकूड लावलंत की आग शेजाऱ्यांच्या बाजूने आली तर पेटायला सामान तयार. आणि खरं भय फळ्यांपेक्षा फळ्यांमागच्या पोकळीचं. पाणी निथळावं म्हणून फळी आणि भिंत यांच्यामध्ये दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडतात. आग लागली की ती पोकळी धुराड्यासारखी वर ओढते आणि ज्वाळा थेट वळचणीखाली, तिथून छपरात. बाहेर उभ्या माणसाला हे दिसतही नाही. लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवा. १४ जून २०१७, ७२ माणसं गेली. ती इमारत मुळात काँक्रीटची. बाहेरचं आवरण नूतनीकरणाच्या वेळी बसवलं होतं : पॉलिथिलीन या जळणाऱ्या प्लास्टिकचा गाभा असलेले अॅल्युमिनियमचे पॅनेल, मागे प्लास्टिक फोमचा थर आणि मधे पोकळी. तुमचं घर दोन मजल्यांचं आहे, तुलना तेवढ्यापुरतीच. पण न जळणाऱ्या भिंतीला जळणारा कोट चढवायचा, हा प्रकार तोच.

उष्णतारोधक थर हवाच असेल तर बाहेरून थर्माकोल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फोम नको. रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची गादी घ्या, ती हजार अंशांच्या वर टिकते, आणि वरून चुन्याचा किंवा तत्सम खनिज गिलावा. जुन्या भिंतीला ओल बाहेर सोडायला जागाही मिळते, तो फायदा वेगळा. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, जळत नाही, पण बऱ्याच कमी तापमानाला वितळून गळून पडते. म्हणून 'दोन्ही सारखेच हो' असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका.

साठ सेंटीमीटरमध्ये थर किती जाड बसेल आणि हद्दीपासूनचं अंतर आणखी किती घटेल, हेही बघा. आतून थर देणं जास्त सोयीचं पडेल असं मला वाटतं.

खडीसाखर
अभ्रक, हे त्या दुकानदाराला छापून नेऊन दाखवणार आहे. आम्हाला त्याने नेमकं हेच सांगितलं होतं.

दीड_शहाणा
अवांतर, पण राहवत नाही. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये १६६७ चा कायदा आला आणि नवीन घरं विटांची किंवा दगडाची बांधायची सक्ती झाली. तरी बाहेर डोकावणाऱ्या लाकडी वळचणी तशाच होत्या. त्या १७०७ च्या कायद्याने बंद केल्या आणि भिंत छपराच्या वर चढवायला लावली. १७०९ मध्ये खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत सरकवायचा नियम आला. तिथल्या जुन्या घरांचा जो देखणा सपाट दर्शनी भाग लोक फोटोत टिपतात, तो बराचसा आगीच्या भीतीने घडलेला आहे. ओसरी, तुमच्या वळचणीचा प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे!

तिरकी_तुळई
अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. वळचण वाढवू नका. ती हद्दीकडे सरकली की अंतर भिंतीपासून नाही, वळचणीच्या टोकापासून बघतात अशा बऱ्याच तरतुदी आहेत. आहे ती वळचण खालून न जळणाऱ्या बोर्डाने बंद करून घ्या. भिंतीवरून वर चढणारी ज्वाळा सगळ्यात आधी वळचणीखाली अडकते आणि वाशांच्या मधल्या फटींतून माळ्यावर शिरते. हवा खेळती ठेवायला भोकं लागतील तिथे धातूची बारीक जाळी लावा, ३ मिमीपेक्षा मोठी छिद्रं नकोत, म्हणजे निखारे आत येणार नाहीत. प्लास्टिकची जाळी लावली तर तीच आधी वितळेल.

आणि आता जुन्या घरांत खरी गोम असते ती. भिंत जाड आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण ती वरपर्यंत तशी असते का? पुष्कळ घरांत माळ्याच्या पातळीपर्यंत वीट आणि वरचा त्रिकोण नुसत्या फळ्यांचा किंवा पातळ पडदीचा असतो. तुळयांची टोकं भिंतीत घुसवलेली असतात तिथे मागे फक्त अर्धी वीट उरते, कधी तीही नाही. जुन्या पाइपांची, वायरींची, धुराड्याची भोकं गिलाव्याखाली दडलेली असतात. यासाठी एक साधी तपासणी : अंधार पडल्यावर कोणाला तरी मोठा दिवा घेऊन माळ्यावर पाठवा आणि तुम्ही बाहेरून भिंतीकडे बघा. जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे धूर आणि आग दोन्ही जाणार. गिलावा करायच्या आधी हे करा.

भोकं बुजवताना साधा पीयू फोम मारून मोकळे होऊ नका. गवंड्याने मसाला भरून बुजवलेलं भोक फोमपेक्षा केव्हाही चांगलं. प्लास्टिकचा पाइप आरपार जात असेल तर मसालाही पुरत नाही, कारण पाइप वितळला की गोल भोक उघडं पडतं. तिथे फुगणाऱ्या पदार्थाची कॉलर बसवतात, ती तापली की आत फुगून पाइपची जागा बंद करते.

ओसरी
वरचा त्रिकोण आमच्याकडे फळ्यांचाच आहे. आता पोटात गोळा आला.

अजून एक. दोन तुळया किडल्या आहेत. इंजिनिअर म्हणतात लाकूड काढून लोखंडी आय-बीम टाका, लाकडापेक्षा आगीला सुरक्षित. हे तरी बरोबर ना?

अभ्रक
लोखंड जळत नाही हे बरोबर, आगीला सुरक्षित हे नाही. उघडं पोलाद सहाशे अंशांच्या आसपास निम्म्याहून जास्त ताकद गमावतं, आणि वर लिहिलेला वक्र बघा, तिथवर पहिल्या दहा मिनिटांतच हवेचं तापमान पोचलेलं असतं. पातळ बीम तर फारच लवकर तापतो. शिवाय तापून लांबतो आणि टोकाशी भिंतीला ढकलतो. तुमच्या बाबतीत ती ढकलायची भिंत नेमकी हद्दीची असेल!

जाड लाकूड उलट शहाण्यासारखं वागतं. वरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला वाचवतो. मऊ जातीच्या लाकडात कोळसा मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.८ मिमी वेगाने आत सरकतो. कठीण, घट्ट लाकडात त्याहून हळू. म्हणजे २०० मिमी रुंदीची तुळई तासभर दोन्ही बाजूंनी जळली तरी मधे १०० मिमीहून जास्त सलग लाकूड शिल्लक असतं. ते पुरेल की नाही हे इंजिनिअरने मोजायचं, पण मोजता तरी येतं. म्हणून चांगल्या तुळयांना हात लावू नका. किडलेल्यांच्या जागी पोलाद टाकलंत तर त्याला जिप्सम बोर्डाचे दोन थर द्या, सांधे एकमेकांवर न येऊ देता. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेलं पाणी असतं, ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचं पोलाद तापत नाही. किंवा तापल्यावर फुगणारा रंग लावा, पण तो किती जाड लावायचा हे बीमच्या आकारावर ठरतं. नेहमीच्या रंगासारखे दोन हात मारून भागत नाही.

हरकत_नाही
एवढं सगळं करण्यापेक्षा घरात स्प्रिंकलर आणि धुराचे अलार्म बसवले तर? आग वाढलीच नाही तर भिंतीचा प्रश्नच नाही.

तिरकी_तुळई
अलार्म तर बसवायचेच, प्रत्येक मजल्यावर आणि एकमेकांना जोडलेले, म्हणजे खालचा वाजला की वरचाही वाजेल. स्वयंपाकघरात धुराचा नको, उष्णतेचा बसवा, नाहीतर फोडणीला वाजेल आणि कोणीतरी बॅटरी काढून ठेवेल. पण अलार्म माणसं वाचवतो, भिंत नाही. स्प्रिंकलरने खरंच सवलत मिळते. अमेरिकेच्या त्याच संहितेत स्प्रिंकलर असलेल्या घराला पाचऐवजी तीन फुटांची मर्यादा लागते. पण तीन फूट म्हणजे ९१ सेंटीमीटर, आणि ओसरीताईंचे साठच. शिवाय शेजाऱ्यांकडे लागलेली आग तुमचा स्प्रिंकलर विझवणार नाही.

माळ्याबद्दल. तुम्ही खाली दोन मजले आणि वर खोली म्हणताय, म्हणजे वर झोपलेल्या माणसाला खिडकीतून उडी मारायचा पर्याय उरत नाही. तेव्हा जिना हाच एकमेव रस्ता. तो दिवाणखान्यातून उघडा वर जात असेल तर धूर माणसाच्या आधी वर पोचतो. इंग्लंडमध्ये ४.५ मीटरपेक्षा उंच मजला आला की सहसा बाहेरच्या दारापर्यंत पूर्ण बंदिस्त जिना आणि आगीला टिकणारी दारं लागतात. माझं स्पष्ट मत : जिना बंदिस्त करायची तयारी नसेल तर माळा सामानासाठीच ठेवा, आणि सामानही त्या फळ्यांच्या त्रिकोणाला टेकवून नको.

मध्यरात्र
सगळे तयार झालेल्या घराबद्दल बोलताहेत. जुनी घरं जळतात ती बऱ्याचदा दुरुस्ती चालू असतानाच. १९८९ मध्ये इंग्लंडमधलं अपपार्क हे जुनं घर छपरावरच्या शिशाच्या पत्र्याचं काम करताना ब्लोटॉर्चने पेटलं, तेही काम संपत आलेलं असताना. १९९२ च्या विंडसर किल्ल्याच्या आगीत प्रखर दिवा पडद्याला लागला होता.

तेव्हा कंत्राटदाराशी आधीच ठरवा : वेल्डिंग, कटिंग, गॅस बर्नर, हीट गन ही कामं दिवसाच्या शेवटी नाहीत. काम थांबल्यावर किमान तासभर एक माणूस तिथेच थांबून बघत राहील, कारण फळ्यांच्या सांध्यातली ठिणगी उशिरा डोकं वर काढते. भुसा रोज उचलायचा. आणि ज्या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसत नाही ती : जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेल्या चिंध्या. बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर तेल वाळताना उष्णता तयार होते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंध्या काही तासांनी आपोआप पेटतात. ठिणगीची गरज नाही. त्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

खडीसाखर
बाप रे, आमचे सुतारकाका त्या चिंध्या गोणीत भरून जिन्याखाली ठेवतात. आत्ताच फोन करते.

एक शंका. हद्दीच्या आणि भिंतीच्या मधल्या पट्टीवर पॉलिकार्बोनेटचं छप्पर टाकलं तर? म्हणजे ओसरीताईंच्या साठ सेंटीमीटरवर. सिलिंडर, भंगार, सायकल असं काहीबाही राहतं तिथे.

अभ्रक
नको. ती पट्टी मोकळी आहे म्हणून थोडं तरी अंतर आहे. छप्पर टाकलं की आगीला हद्दीपर्यंत पूल बांधून दिला, आणि खाली कोंडलेली उष्णता सगळी वळचणीत. सिलिंडर तिथून हलवाच. एसीचं बाहेरचं युनिट, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग यांतलंही काही त्या पट्टीत नको.

ओसरी
आर्किटेक्टशी बोलले. उत्तरेची भिंत बंदच, झरोकाही वीट लावून बुजवायचा. वरच्या त्रिकोणाच्या फळ्या काढून विटा चढवायच्या, पण खालची भिंत आणि पाया तेवढं वजन घेतील का ते इंजिनिअर आधी बघणार. नाही जमलं तर हलक्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी बोर्ड, चाचणीचं प्रमाणपत्र असलेला पूर्ण संच घेऊन. रॉकवूल आतून. माळा सामानासाठी. दिव्याची तपासणी केली, वळचणीखाली आख्खी रांग उजळली होती. काम बाहेरून करायला शेजाऱ्यांच्या जागेत परांची बांधावी लागेल, त्यांनी आनंदाने हो म्हटलंय. लेखी घेतेय.

शेवटचा प्रश्न : त्या बाजूची पन्हळ पीव्हीसीची आहे. बदलू का?

तिरकी_तुळई
बदला, पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची लावा. आणि दरवर्षी तिच्यातला पालापाचोळा काढा, निखारा पडला की आधी तोच पेटतो. परांची असेपर्यंतच हे काम उरका, नंतर साठ सेंटीमीटरमध्ये शिडी लागणार नाही.